किती वाजता झाली?

मे महिन्यातला रविवार. ठाणे-कल्याण मार्गावर मेगाब्लॉक. डोंबिवलीच्या कलेक्शन सेंटरवरून निघालेली पिशवी ठाण्याला आमच्या लॅबमध्ये पोचली तेव्हा दुपारचे चार वाजले होते. तिच्यात चार वर्षांच्या मुलाच्या शीची डबी होती. ताप, आव, रक्त. मी नेहमीसारखं कल्चर लावलं. दोन दिवसांनी रिपोर्टवर लिहिलं : साल्मोनेला, शिगेला आढळले नाहीत. खाली सही माझी.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. "रक्त थांबत नाहीये, औषध लागू पडत नाही. पुन्हा बघाल का?"

मग मी चौकशी केली. शी सकाळी सहाची होती. दहा तास ती डबी उकाड्यात होती. शिगेला फार नाजूक. शी बाहेर पडल्यावर तिच्यातले इतर जंतू वाढत राहतात, आम्ल तयार होतं आणि त्यात शिगेला मरून जातो. माझ्या प्लेटवर भरघोस उगवला होता तो नेहमीचा ई. कोलाय. हे सगळं मला परीक्षेपासून पाठ होतं, तरी वेळ विचारायचं मला सुचलं नव्हतं. याचं फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः डोंबिवलीला गेले. रक्त-आवेचा भाग स्वॅबवर घेऊन कॅरी-ब्लेअरच्या नळीत खोचला. कॅरी आणि ब्लेअर यांनी हे माध्यम 1964 मध्ये मांडलं. त्यात जंतूंना खायला जवळजवळ काही नसतं, म्हणून गर्दी वाढत नाही, पीएच 8.4च्या आसपास, म्हणून आम्ल चढत नाही. नळी बर्फाच्या डब्यात ठेवली. (कॉलऱ्याचा संशय असता तर बर्फ टाळला असता; त्या जंतूला थंडी सोसत नाही.) तासाभरात प्लेट लावली.

सकाळी मॅकॉन्की माध्यमाच्या प्लेटवर गुलाबी ठिपक्यांमध्ये फिकट, बिनरंगी ठिपके दिसले. पुढच्या चाचण्यांत शिगेला ठरला. चालू औषधाला तो दाद देत नव्हता. डॉक्टरांनी औषध बदललं, दोन दिवसांत रक्त थांबलं. पण माझ्या रिपोर्टपायी त्या पोराचे तीन दिवस फुकट गेले होते.

आता वेळ लिहिल्याशिवाय मी डबी घेत नाही. दोन तासांपेक्षा जुनी असली की दुसरी मागते. लोक चिडतात. परवा कोपरहून एक आजोबा रात्रीची शी घेऊन आले होते. त्यांना बसवून नळी कशी वापरायची ते दाखवलं आणि परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी साडेआठला ते दारात हजर. नळीवर बॉलपेनने लिहिलं होतं : 7.40.