जमिनीतलं तांबं

मिडियम वेव्हचा टॉवर दिसला की लोक वर बघतात. आम्ही हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाली मंडळी, आधी जमीन बघतो. इथे अमेरिकेत १००० किलोहर्ट्झच्या केंद्राचा टॉवर साधारण ७५ मीटर उंच असतो. इन्सुलेटरवर उभा असलेला तो अख्खा लोखंडी सांगाडाच अँटेना. पायथ्यापासून चहूकडे तांब्याच्या १२० तारा पुरलेल्या. प्रत्येक ७५ मीटरची धरली तर नऊ किलोमीटर तांबं! ब्राऊन, लुईस आणि एप्स्टाईन या अभियंत्यांनी १९३७ मध्ये मोजमापं प्रसिद्ध केली, त्यानंतर १२० हा आकडा रूढ झाला. घरामागे आम्ही कशाबशा वीस-पंचवीस तारा अंथरतो आणि बरीच शक्ती माती तापवण्यात घालवतो.

काही छोटी केंद्रं सूर्यास्ताला बंद होतात आणि आमचा १६० मीटर बँड अंधारातच खुलतो. केंद्राच्या इंजिनिअरने टॉवर वापरायला होकार दिला, केंद्राचा ट्रान्समीटर टॉवरपासून वेगळा करून कुलूपबंद केला, की रात्र आमची.

टॉवरच्या पायथ्याच्या खोलीत अँटेनाचा रोध मोजणारा अॅनालायझर लावला की आकडे नाचू लागतात. टॉवर आसपासची सगळी केंद्रं ओढून घेतो, त्या व्होल्टेजने उपकरण भांबावतं. फिल्टर घातल्यावर आकडा स्थिरावतो, पण आमच्या ट्रान्समीटरला हव्या असलेल्या ५० ओहमपासून फार दूर. १६० मीटर बँडमधल्या १८३० किलोहर्ट्झला हा टॉवर जवळजवळ अर्ध्या तरंगलांबीचा होतो, रोध शेकड्यांत जातो. मग कॉइलवरची पकड एकेक वेढा सरकवायची, कपॅसिटर किंचित फिरवायचा, पुन्हा मोजायचं. हे काम मला प्रत्यक्ष बोलण्याइतकंच प्रिय आहे.

मात्र उंची सगळीकडे कामाला येत नाही. ३५०० किलोहर्ट्झला हाच टॉवर पाच-अष्टमांश तरंगलांबी ओलांडतो आणि बरीच शक्ती वर आकाशात जाते. लांब पल्ल्यासाठी तिथे २१ मीटरची उभी तार सरस, खालचं पुरलेलं तांबं मात्र हेच हवं.

ऐकायला तर टॉवर वापरूच नये, खरखर फार. त्यासाठी जमिनीलगत लांब बेव्हरेज तार ताणावी. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली यांनी स्कॉटलंडमधल्या आर्ड्रोसनला अशाच तारेवर अमेरिकन हौशी केंद्रं ऐकली होती.

पहाटे जोडणी होती तशी करून इंजिनिअरसमोर तपासून द्यावी, त्यात हयगय नको. एएम केंद्रं बंद पडताहेत, त्यांच्या जमिनी विकल्या जाताहेत. तुमच्या जवळ असा टॉवर अजून उभा असेल, तर याच हिवाळ्यात जाऊन विचारा.