ओव्हरऑइलिंग

पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकानें हातांस ग्रीस माखून गॅलरींत बसावें, हें आमच्या शेजाऱ्यांस फारसें रुचलेलें नाहीं. पुण्याच्या जुन्या बाजारांतून आम्हीं एक काळी, दांडीच्या ब्रेकची रॅले आणली; तिच्या कपाळपट्टीवर नॉटिंगहॅम हें नांव अद्यापि वाचतां येतें. तेव्हांपासून रविवारची पुरवणी न उघडतांच रद्दींत जाते.

या उद्योगास सायकलवाले 'ओव्हरऑइलिंग' म्हणतात. मूळ शब्द ओव्हरहॉलिंग. पण इंग्रजी शिकवूनच पोट भरणाऱ्या आम्हांस हा अपभ्रंश मुळाहून सरस वाटतो, कारण निम्मी विद्या तेलांतच आहे. गंजलेल्या कॉटरवर तेल सोडावें, रात्रभर वाट पाहावी आणि मगच हातोडा उचलावा.

बाकीची विद्या आट्यांची. डाव्या पायडलाचे आटे उलटे, मधल्या आंसाच्या उजव्या वाटीचेहि उलटे. नॉटिंगहॅमकरांनीं तर तेथें इंचास २४ ऐवजीं २६ आटे पाडले, त्यामुळें परक्याची वाटी त्या घरांत नांदत नाहीं. वाटी उघडली कीं दोहों बाजूंस पाव इंची ११ छर्रे ग्रीसमध्यें एकेक रोवून बसवावे लागतात.

चाकांतील आउट काढणें मात्र पुस्तकांतून येत नाहीं. त्यासाठीं आम्ही पेठेंतील एका वृद्ध मिस्त्रींच्या दुकानीं जातों. ते आरे बोटानें छेडतात; ढिला आरा बद्द वाजतो. "सर, डोळं मागनं. आधी कानानं बघा," असें ते म्हणतात. तीस वर्षें वर्गांत आम्ही जें बोललों, त्यांत इतकें उपयोगी एखादें वाक्य निघेल कीं नाहीं, कोण जाणे!

सायकल भट्टींत घालून तिजवर नवा रंग चढवावा, असा चिरंजीवांचा आग्रह आहे. आम्हांस तो मान्य नाहीं. चेनकव्हरवर पांढऱ्या रंगानें कोणा पूर्वमालकाचें नांव हातानें काढलेलें आहे. आडनांव गंजानें खाल्लें; आद्याक्षरें दोन उरलीं आहेत. भट्टींत तींहि जातील. आम्हीं भोंवतालचा गंज तेवढा तेलाच्या चिंधीनें पुसला. चिरंजीव अद्यापि रुष्ट आहेत.

मागच्या चाकांत आउट अजून आहे. मिस्त्रींचा मुलगा या धंद्यांत आला नाहीं, आणि दिवाळीनंतर दुकान बंद होणार आहे. तोंवरचे सगळे रविवार आम्हीं त्यांच्याकडून मागून घेतले आहेत.