व्हय म्हाराजा

बाबा 2020च्या आषाढात गेले. 30 जूनला माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला निघाल्या, ते त्यांनी टीव्हीवर पाहिलं. गळ्यातली माळ चाचपत एवढंच म्हणाले, "यंदा देव पण एकटोच." पंधरा दिवसांनी, पहाटे झोपेतच, ते गेले.

आमच्या वाडीत कुणी गेलं की घर माणसांनी भरतं. त्या दिवशी माणसं तोंडाला रुमाल बांधून, छत्र्या धरून, गडग्यापलीकडेच उभी राहिली. धाकटा भाऊ कोरोनाच्या टाळेबंदीत मुंबईत अडकलेला. बापाचा अग्नी त्याने फोनवर पाहिला. त्याचं काम मे महिन्यातच सुटलं होतं.

11 ऑगस्टला तो गावी आला. दहा दिवस वेगळं राहायचं, म्हणून थेट काजूच्या बागेतल्या मांगरात गेला. मी पेजेचं भांडं दगडावर ठेवून मागे सरायचो, मग तो पुढे यायचा. बाबांचा विषय त्याने एकदाही काढला नाही. गणपतीच्या तयारीचं विचारायचा ते एवढंच, "माटवीक कवंडळां गावली?"

खरं सांगतो, गणपती आणायची माझी इच्छा नव्हती. देवावर राग होता. पण आई म्हणाली, "तो येतलोच. दार उघडा ठेव." ती मला आजही मोठी वाटते त्या एका वाक्यासाठी.

22 ऑगस्टला मूर्ती बसली. वर माटवीला, म्हणजे टांगलेल्या लाकडी चौकटीला, आंब्याचे टाळे, सुपारीचं शिपटं, कवंडळं, एक तवसं. यंदा कुणी कुणाच्या घरी जायचं नाही, भजनं नाहीत, असं वाडीत ठरलेलं. आरती झाली आणि गाऱ्हाण्याची वेळ आली. एकाने देवापुढे मागणं मांडायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आमच्या घरी ते बाबाच घालायचे.

हात जोडले. "बा देवा म्हाराजा, आमचो मोठो माणूस गेलो..." आवाज तिथेच अडकला.

"व्हय म्हाराजा," भाऊ मागून म्हणाला. मग दारातून आई. आणि पावसातून, गडग्यापलीकडून, शेजारच्या तात्यांचा खणखणीत आवाज आला. त्यांच्या मागोमाग खालच्या घरातूनही.

मग मला शब्द सापडत गेले. धाकट्याच्या हाताला काम मागितलं. मुंबईत अडकलेल्यांसाठी, गुरांसाठी, भातासाठी मागितलं. दर मागण्याला तीन-चार खळ्यांतून होकार येत होता. कुणाचा लवकर, कुणाचा पावसामुळे उशिरा.

मी नमस्काराला वाकलो, तोच तात्या ओरडले, "अरे, घाटातल्या गाड्यांचा रवला मा!"

बाबांचं ते ठरलेलं शेवटचं मागणं. रात्री दाजीपूरकडे चढणाऱ्या ट्रकांची घरघर आमच्या पडवीत ऐकू येते, म्हणून दरवर्षी ते त्या अनोळखी ड्रायव्हरांसाठी मागायचे. मी विसरलो होतो. तात्यांना पाठ होतं.

पुन्हा उभा राहिलो. "बा देवा म्हाराजा, ह्या रातीक घाट चढतत-उतरतत, त्येंका सुखरूप घराक पोचय."

"व्हय म्हाराजा!"

या वेळी आवाज साऱ्या वाडीतून आला.