आजीच्या गावाला, ताशी आठच्या स्पीडनं

मुंबईहून आंजर्ले म्हणजे गाडीनं एका दिवसाचा मामला. मी चार दिवस लावले. आजीचं तिथलं घर विकायचं ठरलंय, सगळ्यांच्या सह्या झाल्यात, फक्त माझी बाकी. ती जितकी लांबेल तितकं बरं, एवढाच सायकल नेण्यामागचा फंडा!

मित्राच्या जीपमध्ये सायकल टाकून हरिहरेश्वर गाठलं. तिथून पुढे मी एकटाच. बागमांडल्याला फेरीबोट पकडायची, सावित्री ओलांडायची, वेसवीला उतरायचं. महाबळेश्वरला उगम पावलेली ही नदी इथे एवढी ऐसपैस होते की खाडी कुठली अन् समुद्र कुठला, कळत नाही. बाणकोटच्या किल्ल्याचा चढ मात्र सायकल ढकलतच चढलो (जिममधले पाय इथे कामाला येत नाहीत, बॉस). किल्ला जांभ्या दगडाचा. 1756च्या तहात तो इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी त्याचा चक्क 'फोर्ट व्हिक्टोरिया' करून टाकला.

केळशीत एक मुक्काम, उकडीचे मोदक, गाढ झोप. पुढे आडे, पाडले. हा पट्टा चुकवू नका. रस्ता समुद्राला अगदी खेटून जातो. गाडीतून तो गाणं संपायच्या आत संपतो, सायकलवरून मात्र वाळत घातलेल्या मासळीचा वासही आधी येतो आणि बराच वेळ सोबत राहतो. काळे खडक, फेस, वाऱ्यानं एका बाजूला झुकलेले माड. मी तीनदा नुसता बसून राहिलो.

आंजर्ल्यात शिरलो आणि घराकडे वळलोच नाही. आजी लग्न होऊन आली ती मुंबईहून बोटीनं हर्णैला. बोट खोल पाण्यात थांबायची, पडावातून किनाऱ्यावर यायचं, मग चालत, मध्ये होडीनं खाडी. हे तिनं इतक्यांदा सांगितलंय की मला पाठ आहे. म्हणून आधी हर्णै गाठलं. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. 1755 साली कमोडोर जेम्सनं तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांपैकी हा एक. पण नव्या नवरीला तेव्हा काय दिसलं असेल? तिच्या गोष्टीत किल्ला कधी आलाच नाही. ओली झालेली नऊवारी आणि मासळीचा वास, एवढंच यायचं.

बंदरावर लिलावाचा कल्ला चालू होता. सायकल एका टपरीवाल्याकडे ठेवली आणि पायीच उलटा निघालो. पाजपंढरी, मग खाडी. आता होडी लागत नाही, पूल आहे. पुलावर मध्येच थांबून खाली पाणी बघितलं. भरती होती.

घराचं कुलूप गंजलेलं. खोबरेल घालून, शिव्या देऊन उघडलं. तेवढ्यात दादाचा फोन.

"पोचलास ना? वकील उद्या सकाळी कागद घेऊन येतोय."

"पोचलो रे. पण त्याला परवा ये म्हणावं. विहिरीला पाणी आहे, पंप चालतोय का बघतो."