मधल्या क्षणाचा वेग

सरासरी ऐकली की माझं मन सावध होतं. जिल्ह्यात सरासरीइतका पाऊस झाला म्हणतात, तेव्हा जूनमधली दुबार पेरणी आणि सप्टेंबरात कुजलेलं पीक, दोन्ही त्या एका आकड्याखाली झाकली जातात. तो आकडा खरं तर कुठल्याच दिवसाचा नसतो. म्हणूनच खाली पडणाऱ्या दगडाची सरासरी मला विलक्षण वाटते. तिच्यातून निघणारा आकडा एका क्षणाचा असतो, आणि तो क्षण बोट ठेवून दाखवता येतो.

हवेचा अडथळा बाजूला ठेवला, तर उंचावरून सोडलेला दगड किती खाली आला हे काढणं सोपं आहे: सेकंदांचा वर्ग करायचा आणि त्याला साधारण पाचाने गुणायचं. पहिल्या सेकंदाअखेर ५ मीटर, मग २०, ४५, ८०. ही वर्ग बहुपदीच. आता १ ते ३ सेकंदांमधला बदलाचा सरासरी दर काढू. अंतर ४० मीटर, वेळ २ सेकंद, म्हणजे सेकंदाला २० मीटर. ० ते ४ घेतले, तर ८० भागिले ४, पुन्हा २०. १.९ ते २.१ घेतले, तर अंतर २२.०५ वजा १८.०५, म्हणजे ४ मीटर, भागिले ०.२, तरीही २०. दोन सेकंदांचा क्षण मधोमध ठेवून मुदत ताणा किंवा आवळा, उत्तर जागचं हलत नाही. दोन सेकंद पूर्ण होताना दगडाचा वेगही नेमका तेवढाच असतो.

याचं कारण शाळेत पाठ केलेल्या एका सूत्रात आहे. दोन संख्यांच्या वर्गांची वजाबाकी म्हणजे त्यांची बेरीज गुणिले त्यांची वजाबाकी. सरासरी दर काढताना आपण वेळेच्या वजाबाकीने भागतो; ती निघून जाते आणि उरते फक्त बेरीज. मुदतीची दोन टोकं मध्यापासून सारखीच दूर सरकली, तर बेरीज तीच राहते. अवयव पाडण्याचं ते रुक्ष वाटणारं सूत्र निसर्गाच्या इतक्या जवळचं असेल, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

मात्र हा मध्य वेळेचा आहे, वाटेचा नाही. चार सेकंदांच्या पडण्यात दोन सेकंद संपतात तेव्हा ८० पैकी २०च मीटर झालेले असतात. निम्मी वेळ गेली आणि पाऊण वाट शिल्लक आहे!

चौदाव्या शतकात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातल्या विद्वानांनी हे केवळ तर्काने ओळखलं होतं. वेग एकसारखा वाढत असेल, तर कापलेलं अंतर मधल्या क्षणाच्या वेगाने सतत चालल्याइतकंच भरतं, हा त्यांचा नियम. फ्रान्सच्या निकोल ओरेमने तो आकृती काढून सिद्ध केला. पडत्या वस्तूला तो लागू करून गॅलिलिओने १६३८ साली ग्रंथात मांडला. उतरत्या फळीच्या गुळगुळीत खोबणीतून कांस्याची गोळी सोडायची आणि तेवढ्या वेळात भांड्यातून गळलेलं पाणी तोलायचं, हे त्याचं घड्याळ. सारख्या वेळांत कापलेली अंतरं १, ३, ५, ७ अशा विषम संख्यांच्या प्रमाणात वाढतात, हे त्याने दाखवलं. आपल्या दगडाचे सेकंदागणिक टप्पेही ५, १५, २५, ३५ असेच आहेत.

वर्गाच्या जागी घन ठेवला की ही जादू संपते. वेळेचा घन घेतला, तर १ ते ३ मधला सरासरी दर १३ येतो, ० ते ४ मधला १६, आणि दोनच्या क्षणी खरा दर असतो १२. वेग एकसमान वाढतो तिथेच सरासरी मधल्या क्षणाशी जुळते.

अकरावीत सरासरी दर हा अवकलजाकडे, म्हणजे एका क्षणाच्या दराकडे, नेणारी पायरी म्हणून घाईने उरकला जातो. तिथे थोडं थांबायला हवं. मुलांनी स्वतः वेगवेगळ्या मुदती घेऊन पाहाव्यात, उत्तर का हलत नाही हे शोधावं. मग पुढे कुणी सरासरीचा आकडा समोर ठेवला, की त्यामागचा बदल कोणत्या चालीने झाला, हा प्रश्न त्यांना आपसूक सुचेल. गणिताने नागरिकाला द्यावं असं याहून मोलाचं मला काही दिसत नाही.