जुलैचा हिशेब मे महिन्यात

दरड कोसळली की कारण म्हणून ‘अतिवृष्टी’ लिहायचं आणि फाइल बंद करायची, हे मला आजही पचत नाही. माळीण गाव २०१४ साली दरडीखाली गाडलं गेलं, तळिये २०२१ला, इर्शाळवाडी २०२३ला. तिन्ही वेळा महिना जुलैच. सह्याद्रीत जुलैत पाऊस कोसळणार हे शेंबडं पोरही सांगेल. मग निदान आपण स्वतः रस्त्यासाठी, रेल्वेसाठी डोंगर कापताना तरी उताराचा हिशेब कोरड्या मातीवर का मांडायचा? माती धरून ठेवणारं बळ भागिले तिला खाली ओढणारं बळ, हा झाला सुरक्षा गुणांक. तो १च्या खाली गेला की उतार सुटतो. कायमच्या उताराला साधारण १.५ धरतात. समजा, चिकटपणा नसलेल्या मातीचा घर्षणकोन ३५ अंश आहे आणि उतार २५ अंशांचा. कोरड्यात गुणांक नेमका १.५. पाणी वरपर्यंत भरून उताराला समांतर वाहू लागलं की तोच ०.७५च्या आसपास येतो, कारण पाण्याचा दाब कणांची एकमेकांवरची पकड सैल करतो. माती तीच, कोनही तोच. मे महिन्यात बोअर घ्यायचं, पाणी खोल आहे असं नोंदवायचं आणि त्यावर दीडचा आकडा काढायचा, याला मी तरी विश्लेषण म्हणणार नाही. त्यात कोकणात वरचा जांभा भेगांतून पाणी आत सोडतो, खालची शेडी, म्हणजे मऊ चिकणमाती, ते अडवते. घसरण्याची जागा तिथंच तयार होते.

एवढं असूनही पैसा जातो तो दिसणाऱ्या कामावर: जाळी, शॉटक्रीट म्हणजे उतारावर फवारलेलं काँक्रीट, पायथ्याची भिंत. पाणी वळवणारी माथ्यावरची चर आणि उतारात घातलेले निचऱ्याचे सच्छिद्र पाइप उद्घाटनाच्या फोटोत येत नाहीत. निचऱ्याची भोकं नसलेलं किंवा ती बुजलेलं शॉटक्रीट तर पाणी आतच कोंडतं. यावर कोणी म्हणेल, बेसॉल्टचे सुटे धोंडे चर थोडीच अडवणार? खरं आहे. जून २००४मध्ये कोकण रेल्वेवर करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस रुळावर आलेल्या दगडांमुळेच घसरली. तिथं जाळीला पर्याय नाही. झाडं लावा म्हणणाऱ्यांनाही मी नाही म्हणत नाही, पण मुळं वरचा मीटर-दोन मीटर थर धरतात. घसरण त्याखालून झाली तर झाडं उभीच्या उभी खाली येतात. आणि पाऊस ही सबब नव्हे असं वर ठासून सांगितलं खरं, तरी एखाद्या रात्रीचा पाऊस कुठल्याही निचऱ्याला भारी पडू शकतो, हेही मला मान्य करावं लागतं. कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रक लावून गाड्यांचा वेग कमी करते, कटिंगवर गस्त ठेवते; त्यात मला कमीपणा दिसत नाही, प्रामाणिकपणा दिसतो. म्हणून मागणी एवढीच. घाटातल्या कामाच्या निविदेत एक कलम घाला: पिझोमीटर बसवून एका पूर्ण पावसाळ्याचं पाणी मोजल्याशिवाय उताराचं डिझाइन मंजूर होणार नाही. रस्ता वर्षभर उशिरा झाला तर होऊ द्या.