गप्प बसणे म्हणजे रुळणे नव्हे

आपल्यापैकी अनेकांच्या घरी कुत्रे, मांजर, पोपट किंवा मासे असतील. इग्वाना मात्र क्वचितच असेल. आमच्या घरी तो गेल्या श्रावणात आला. पुतण्या उच्च शिक्षणासाठी परदेशी निघाला आणि त्याने चार वर्षे सांभाळलेला, शेपटीसह चार फूट लांबीचा हा हिरवा जीव आमच्या स्वाधीन केला. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या झाडांवर राहणारा हा प्राणी पुण्यातल्या, खाली दवाखाना आणि वर सात माणसे असलेल्या घरात कसा रमणार, हा पहिला प्रश्न होता. दुसरा प्रश्न माझ्यातल्या डॉक्टरला अधिक जाचणारा होता. घरात ८१ वर्षांची, मधुमेह असलेली आई आहे. तिच्या दृष्टीने हा पाहुणा कितपत सुरक्षित?

आधी या दुसऱ्या प्रश्नाविषयी. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यांत साल्मोनेला नावाचे जंतू वस्तीला असू शकतात. प्राणी स्वतः ठणठणीत असतो. जंतू विष्ठेतून अधूनमधून बाहेर पडतात, त्यामुळे एखादी तपासणी निर्दोष आली तरी निर्धास्त होता येत नाही. त्याच्या त्वचेवर, नखांत, पाण्याच्या भांड्यात ते पसरतात आणि आपल्या हातांवाटे पोटात जातात. धडधाकट तरुणाला ताप, पोटात मुरडा आणि जुलाब होऊन बहुधा निभावते. पाच वर्षांखालील मुले, पासष्टीपुढील माणसे आणि प्रतिकारशक्ती उणावलेले रुग्ण यांच्या बाबतीत मात्र हा संसर्ग रक्तात उतरू शकतो. चार इंचांहून लहान कासवे पाळण्यासाठी विकण्यावर अमेरिकेत १९७५ साली बंदी आली, ती याच जंतूमुळे.

येथे ज्येष्ठ वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. जठरातले आम्ल ही अशा जंतूंविरुद्धची आपली पहिली तटबंदी आहे. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल यांसारख्या गोळ्या रोज घेणाऱ्यांची ही तटबंदी खचलेली असते. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. पण ती अजून लागते का, हे आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की वृद्ध किंवा तान्हे मूल असलेल्या घरात हौसेने असा प्राणी आणू नये. आमच्याकडे तो जबाबदारी म्हणून आला होता. त्याला कुठे सोडून देणे हा मार्गच नव्हता. फ्लोरिडात मोकळ्या सुटलेल्या पाळीव इग्वानांची संख्या वाढून तेथील झाडाझुडपांची आणि बंधाऱ्यांची हानी होते आहे. शिवाय आपल्याकडे वन्यजीव कायद्यातील २०२२ ची सुधारणा आणि २०२४ चे नियम यांनुसार असे परदेशी प्राणी ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदवावे लागतात. तो सोपस्कार पूर्ण करून आम्ही घराची शिस्त आखली.

मागची, जाळीचा मोठा पिंजरा मावेल अशी खोली त्याला दिली आणि तिच्या दाराला काच बसवली. त्याला हात लावायचा तो मी किंवा माझ्या मुलाने. नंतर साबणाने वीस सेकंद हात धुवायचे. त्याची भांडी स्वयंपाकघरातल्या मोरीत कधीच येणार नाहीत. त्याच्या आंघोळीचे टब वेगळे, आणि ते पाणी शौचालयात ओतायचे. त्याला घरात मोकळे सोडायचे नाही. कारण पायांत अकस्मात आलेला प्राणी वृद्धांना पाडू शकतो, आणि या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे आपण जाणता. त्याची नखे तीक्ष्ण असतात आणि शेपटीचा फटका चाबकासारखा बसतो. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि पायांची संवेदना कमी झालेल्या मधुमेहींनी तर दूरच राहावे. आईने त्याला काचेतून पाहायचे, असे ठरले.

आता त्याची बाजू पाहू. इग्वानाच्या डोक्यावर मधोमध एक लहानसा ‘तिसरा डोळा’ असतो. त्याला आकृती दिसत नाही. उजेड आणि सावली यांतला फरक कळतो. वरून झेपावणारा ससाणा ओळखण्यासाठी ती निसर्गाची योजना. त्यामुळे प्रेमाने वरून पुढे केलेला हातही त्याला शत्रूच वाटतो. आम्ही पिंजऱ्यात उंचावर जाड फांदी बसवली, लपायला आडोसा केला. ऊन खाण्याची जागा सुमारे ३५ अंशांपर्यंत तापेल असा दिवा जाळीबाहेर लावला. अतिनील किरण देणारा दिवा वेगळा. त्यावाचून त्याच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम शोषले जात नाही आणि हाडे मऊ पडतात. दिवे लावण्या-मालवण्याची वेळ ठरलेली ठेवली. पहिले दोन आठवडे कोणीही त्याला उचलले नाही. मुलगा रोज सायंकाळी त्या खोलीत अर्धा तास नुसता वाचत बसे.

तेवढ्यात गणपती आले. पाहुण्यांची वर्दळ, आरत्या, रस्त्यावर ढोल-ताशे. आम्ही काचेवर पडदा ओढला, तरी पंतांनी (हे नाव आईने ठेवले, गळ्याखालच्या झालरीमुळे) अन्नाला तोंड लावले नाही. अंगाचा हिरवा रंग काळवंडला. डोळे मिटून ते निश्चल बसून राहत. दर्शनाला आलेली मंडळी पडदा सारून पाहत आणि म्हणत, ‘‘किती गरीब आहे हो! छान रुळलाय.’’

आईला ते पटले नाही. ती म्हणाली, ‘‘अरे, तो शांत नाही, बावरलाय. मी रत्नागिरीहून इथे आले, तेव्हा शेजारणी माझ्याबद्दलही हेच म्हणायच्या, की आजी अगदी शांत आहेत. बोलायला ओळखीचे कोणी नव्हते, म्हणून गप्प होते.’’

सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांनी तिचेच निदान कायम केले. डोळे मिटणे हे नेहमी समाधानाचे लक्षण नसते. जे टाळता येत नाही, ते न पाहण्याचा तो उपाय असतो. त्यांनी दर आठवड्याला वजन करायला, खोलीतली ये-जा थांबवायला आणि ताजा, विविध पाला द्यायला सांगितले. इग्वाना शाकाहारी आहे. अंडे-मांसाने त्याची मूत्रपिंडे बिघडतात. पालक आणि अळू त्याच्यासाठी बरे नाहीत. शेवग्याचा आणि तुतीचा पाला, जास्वंदीची पाने-फुले, किसलेला लाल भोपळा हे उत्तम.

पाला म्हटल्यावर आईने ते काम आपल्याकडे घेतले. रोज सकाळी गॅलरीत बसून ती शेवग्याची पाने ओरपते, धुते, निवडते. वाटी तिच्या हातून स्वयंपाकघरातून बाहेर जाते, ती परत तेथे येत नाही. स्पर्शाचा नियम मोडत नाही. अनंत चतुर्दशीनंतर आठवडाभराने पंतांनी पहिले जास्वंदीचे फूल खाल्ले, तेही मुलगा खोलीत असताना. माणसासमोर खाणे, जिभेने नव्या वस्तू चाचपणे, रंग उजळणे ही खऱ्या रुळण्याची लक्षणे. आई आता पाला देणाऱ्या भाजीवालीशी, खालच्या दवाखान्यात बसलेल्या रुग्णांशी त्यांच्या वजनाची चर्चा करते. पुण्याच्या थंडीत वीज गेली, तर खोली उबदार कशी ठेवायची, हेही तिनेच आधी विचारले.

काळजीवाहू वाचकांना मला सांगायचे आहे ते इतकेच. गावाहून मुलाकडे आलेले, जोडीदार गेल्यावर लेकीकडे राहायला गेलेले, रुग्णालयातून घरी परतलेले आपले वडीलधारे ‘काही त्रास देत नाहीत’, एवढ्यावर समाधान मानू नका. दर महिन्याला त्यांचे वजन करा. ताटात काय उरते, ते पाहा. दुपारी डोळे मिटून पडलेले असताना झोप लागते का, विचारा. पंधरवड्याहून अधिक काळ भूक, झोप किंवा बोलणे कमी झाले असेल, तर ‘वयच झाले’ असे न म्हणता डॉक्टरांना दाखवा. नैराश्य, थायरॉइडचा विकार किंवा कमी झालेली श्रवणशक्ती यांवर उपचार आहेत.

त्यांना एक ठरलेली जागा द्या, जेथून त्यांना कोणी उठवणार नाही. दिवसाच्या वेळा स्थिर ठेवा. मागून येऊन एकदम स्पर्श करू नका. समोर येऊन बोला. आणि एक काम असे द्या, जे त्यांच्यावाचून खरोखर अडेल. मन रमवण्यासाठी दिलेले खोटे काम त्यांना लगेच ओळखू येते.